एका तासाचा पेपर

२०२१ सालच्या १९ जानेवारीला अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाने, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची सॅट परीक्षा घेणाऱ्या संस्थेने, सॅटच्या विषय-परीक्षा बंद केल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या मुलांसाठी त्या दिवसापासूनच, आणि परदेशातल्या मुलांसाठी मे-जूनची शेवटची संधी देऊन. करोनाचे दिवस होते, परीक्षा केंद्रं महिनोन्महिने बंद होती, त्यामुळे ही बातमी फारशी कुणाच्या मनाला लागली नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत तर 'चला, एक कटकट गेली' असंच म्हटलं गेलं. मला मात्र ती लागली. त्या एका तासाच्या पेपरांवर माझा जीव होता. तो का होता हे आज सविस्तर लिहावंसं वाटतंय, कारण ते पेपर गेल्यावर कॉलेज प्रवेशात नेमकं कुणाचं काय गेलं, हे आता स्पष्ट दिसायला लागलंय.

मी इथे अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. ओळखीतली मुलं अकरावीला पोचली की त्यांच्या आयांचे फोन यायला लागतात, 'ताई, तुम्ही एकदा बोला त्याच्याशी.' मग ती मुलं येतात, मला मावशी म्हणतात आणि लॅपटॉप उघडून कॉलेजांची यादी दाखवतात. विषय-परीक्षा होत्या तोवर पहिला प्रश्न ठरलेला असे. 'मावशी, हे कॉलेज सब्जेक्ट टेस्ट मोजतं का? आणि मोजत असेल तर किती?'

हा 'किती' फार अवघड होता.

आधी परीक्षा काय होती ते सांगते. एकूण २० पेपर. गणिताचे दोन स्तर, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, साहित्य, अमेरिकेचा इतिहास, जगाचा इतिहास आणि उरलेले १२ पेपर भाषांचे. प्रत्येकाला एक तास, गुण २०० ते ८००. एका दिवसात तीन पेपर देता येत. सारे पर्यायी प्रश्न. पाच पर्यायांच्या प्रश्नात उत्तर चुकलं तर पाव गुण कापला जाई. शेवटच्या वर्षांत नोंदणीचे २६ डॉलर आणि वर बहुतेक पेपरांचे प्रत्येकी २२ डॉलर पडत. नेहमीची सॅट इंग्रजी आणि गणित यांची सर्वसाधारण तयारी बघते. विषय-परीक्षा विचारत असे, तू रसायनशास्त्र शिकलीस ना, मग हे मोलचं गणित सोडव. सरळ, शाळेत शिकवलेल्या धड्यावरचा प्रश्न.

आता वजनाकडे येते. ते उघडपणे आकड्यांत मांडलेलं असं एक ठिकाण होतं. आयव्ही लीग या गटातल्या आठ जुन्या, नामांकित कॉलेजांनी १९८०च्या दशकात खेळाडूंच्या भरतीसाठी एक निर्देशांक बनवला. खेळासाठी घेतलेली मुलं अभ्यासात बाकीच्यांपेक्षा फार मागे नसावीत म्हणून. तो २४० पैकी असे. ८० गुण सॅटचे, ८० गुण विषय-परीक्षांच्या सरासरीचे आणि ८० गुण शाळेतल्या क्रमांकाचे. म्हणजे चार वर्षांच्या शालेय कामगिरीइतकंच वजन एकेका तासाच्या दोन-तीन पेपरांना! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्या सूत्राकडे बघत राहिले. एवढं वजन आहे हे ज्या घरांना ठाऊक होतं त्यांनी मुलांना दहावीपासूनच पेपर द्यायला लावले. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्या मुलांना बारावीच्या ऑक्टोबरात कळलं की अशी काही परीक्षा असते.

बाकी कॉलेजांमध्ये सूत्र नव्हतं, शब्द होते. एमआयटी आणि कॅलटेक ही विज्ञान-तंत्रज्ञानाची नामांकित विद्यापीठं स्पष्ट सांगत, गणिताचा एक पेपर आणि विज्ञानाचा एक पेपर द्यायलाच हवा. (कॅलटेकला तर गणिताचा दुसरा स्तरच लागे.) जॉर्जटाउन तीन पेपरांची आग्रहाने शिफारस करी. कितीतरी कॉलेजं नुसती 'शिफारस' करत, काही 'पाठवल्यास विचार करू' म्हणत. जाणत्या शाळांतले समुपदेशक 'शिफारस'चा अर्थ 'द्याच' असा सांगत. साध्या सरकारी शाळेतल्या मुलाला तो शब्द शब्दशः खरा वाटे. शिफारस आहे, सक्ती नाही, मग कशाला ते जास्तीचे पैसे भरायचे? त्याचं वाचन चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. हवं ते स्पष्ट लिहिणं ही कॉलेजची जबाबदारी होती.

गुण हातात आले तरी त्यांचा अर्थ लावणं ही आणखी एक भानगड. एका मैत्रिणीच्या मुलीने गणिताच्या दुसऱ्या स्तराचा पेपर दिला. ५० प्रश्न, त्यातले पाच-सहा सोडून दिले तरी ८०० पडू शकत, इतकी ती मोजपट्टी सैल होती. तिला ८०० पडले. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली ती चेहरा पाडून. 'मावशी, पैकीच्या पैकी मिळाले आणि खाली पर्सेंटाइल ८०च्या आसपास लिहिलंय. म्हणजे माझ्यासारखे ढीगभर आहेत. याला काय अर्थ आहे?'

अर्थ होता. पर्सेंटाइल म्हणजे आपल्याबरोबर पेपर द्यायला बसलेल्यांत आपण कुठे आहोत. गणिताच्या दुसऱ्या स्तराला बसायचं तेच मुळी गणितात पक्क्या असलेल्या मुलांनी. जी मुलं गणिताला घाबरतात ती त्या खोलीत फिरकतच नसत. साहित्याच्या पेपरात ८०० मिळवणारी मुलं विरळ, तिथे तोच आकडा थेट ९९व्या पर्सेंटाइलला जाई. चिनी आणि कोरियन भाषांच्या पेपरांना घरात ती भाषा बोलणारी मुलं इतक्या संख्येने बसत की एखादा प्रश्न चुकला तरी पर्सेंटाइल धाडकन खाली येई. आकडा एकच, पण आजूबाजूला कोण बसलंय त्यावर त्याची किंमत बदलते. प्रवेश कचेरीत अर्जांच्या फायली वाचणाऱ्यांना हे माहीत असे. म्हणून गणितातल्या ७८० आणि ८०० मध्ये ते फारसा फरक करत नसत, पण अभियांत्रिकीला अर्ज करणाऱ्याचे गणितात ६५० दिसले तर पान उलटण्याआधी थांबत. मी तिला एवढंच सांगितलं, की या आकड्याने तुझ्याबद्दलची एक शंका मिटवली आहे, त्याचं काम तेवढंच होतं. तिला ते पटलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला का पटावं!

भाषांवरून आठवलं. त्या १२ पेपरांत फ्रेंच होती, जर्मन होती, लॅटिन, इटालियन, आधुनिक हिब्रू, जपानी होती. हिंदी नव्हती. मराठी तर नव्हतीच. दर शनिवारी आजीला मराठीतून पत्र लिहिणाऱ्या, ज्ञानेश्वरीच्या ओव्या पाठ असणाऱ्या मुलांना त्या ज्ञानाचा एकही गुण कुठे मांडता येत नव्हता. शेजारच्या कोरियन मुलीला मात्र घरची भाषा अर्जात ८०० म्हणून लिहिता येई. तिचा मला हेवा वाटत नाही. तिला मिळालं ते योग्यच होतं. आपल्या मुलांना मिळालं नाही याची हळहळ मात्र खरी आहे. आजही एपीच्या (शाळेतच कॉलेजच्या पातळीचे विषय शिकवून घेतल्या जाणाऱ्या परीक्षांच्या) भाषांमध्ये हिंदी नाही.

पण माझा जीव या पेपरांवर जडला तो वेगळ्याच कारणाने, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

कॉलेज बोर्डाची सुरुवातच मुळी विषयांच्या परीक्षेने झाली. जून १९०१ मध्ये पहिली परीक्षा झाली, ९७३ मुलं बसली. लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित, भौतिकशास्त्र, सगळी उत्तरं लिहून द्यायची. पुढे १९२६ मध्ये सॅट आली. ती पहिल्या महायुद्धात सैनिकांची बुद्धी मोजण्यासाठी केलेल्या चाचण्यांच्या वळणावर गेलेली होती, आणि ती तयार करणारे कार्ल ब्रिगम त्या सैनिकी चाचण्यांवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ होते. १९३३ मध्ये जेम्स कोनंट हार्वर्डचे अध्यक्ष झाले. विषयांची परीक्षा श्रीमंत खासगी शाळांतल्या मुलांना झुकतं माप देते, कारण त्यांना शिक्षक चांगले मिळतात, असं त्यांचं मत होतं. त्यापेक्षा मुलाची उपजत क्षमता मोजा, म्हणजे लहान गावातला हुशार मुलगाही सापडेल. हेतू निर्मळ होता आणि तो पटण्यासारखाही होता. १९३७ मध्ये विषयांच्या एक-एक तासाच्या चाचण्या सुरू झाल्या. युद्धामुळे १९४२ मध्ये लेखी निबंधवजा परीक्षा थांबल्या आणि मग सॅट व या छोट्या विषय-चाचण्या एवढंच उरलं. तेव्हापासून जवळजवळ सहा दशकं सगळ्यांनी धरून चालली ती एकच गोष्ट: क्षमतेची परीक्षा न्यायाची, अभ्यासाची परीक्षा पैशाची.

ही समजूत तपासायला कॅलिफोर्नियाच उपयोगी पडलं. कॅलिफोर्निया विद्यापीठ अर्जदारांकडून दोन्ही मागत असे, सॅट आणि तीन विषय-परीक्षा, त्यामुळे एकाच मुलाचे दोन्ही प्रकारचे गुण त्यांच्याकडे होते. फेब्रुवारी २००१ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी भाषण करून सॅटची अट काढावी असं सुचवलं. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ. एका उच्चभ्रू खासगी शाळेत बारा वर्षांची मुलं सॅटसाठी शब्दांच्या जोड्या जुळवत बसलेली त्यांनी पाहिली होती. त्याच वर्षी विद्यापीठातल्या सॉल गाइझर आणि रॉजर स्टडली यांनी १९९६ ते १९९९ मध्ये प्रवेश घेतलेल्या सुमारे ७८,००० विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे गुण कशावरून ओळखता येतात, हा प्रश्न. शाळेतले गुण आणि विषय-परीक्षा मिळून मुलामुलांच्या त्या गुणांतल्या फरकाचा २२.२ टक्के भाग उलगडत होत्या. त्यात सॅट मिसळली की होई २२.३. एवढा खटाटोप, एवढे क्लास, एवढी जागरणं, आणि भर पडली ती ०.१ टक्क्याची.

त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. आईवडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न हिशेबात धरलं की सॅटची उरलीसुरली ताकदही जवळजवळ नाहीशी होत होती. विषय-परीक्षेची मात्र टिकून राहत होती. कोनंट यांना जे वाटलं होतं त्याच्या बरोबर उलट. क्षमतेच्या परीक्षेवर घराची सावली जास्त पडत होती, आणि शिकलेल्या विषयाच्या परीक्षेवर मुलाच्या स्वतःच्या कष्टांची.

मी आयुष्यभर शिकवत आले आहे, त्यामुळे हे वाचून मला आनंद झाला पण आश्चर्य वाटलं नाही. विषय शिकता येतो. ग्रंथालयातलं पुस्तक, एखादा चांगला शिक्षक, रात्रीची दोन तासांची बैठक, यातून भौतिकशास्त्र येतं. माझ्या वर्गात दिवसभर दुकानात उभी राहून संध्याकाळी येणारी मुलं आहेत, आणि ती अवकलन शिकतात. परीक्षेत काय विचारतील हे आधीपासून माहीत असणं आणि ते पुस्तकात छापलेलं असणं हा गरिबाचा सर्वांत मोठा आधार आहे. निबंधात काय लिहिलं की वाचणाऱ्याच्या काळजाला भिडतं, कुठला छंद शोभून दिसतो, शिफारसपत्र कुणाचं घ्यावं, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. ते घरात असतं किंवा विकत मिळतं.

आता वजनाबद्दल मला जे खरं वाटतं ते सांगते. कॉलेजच्या धोरणात लिहिलेलं वजन हा निम्माच भाग. खरं वजन त्या मुलाच्या फायलीत बाकी काय आहे त्यावर ठरतं. नामांकित शाळेतल्या मुलीला भौतिकशास्त्रात 'ए' आहे, तर त्या 'ए'चा अर्थ प्रवेश कचेरीला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठाऊक असतो. तिच्या ७९०ने नवीन काहीच कळत नाही. ज्या शाळेतून आजवर कुणीच अर्ज केला नाही तिथल्या मुलाचा 'ए' वाचणाऱ्यासाठी मुका असतो. ती शाळा सगळ्यांनाच 'ए' वाटते का? प्रयोगशाळा आहे का? तिथे त्याच ७९०ने अख्ख्या फायलीला वाचा फुटते. घरी शिकलेल्या मुलांचंही तेच, परदेशातून अर्ज करणाऱ्यांचंही तेच. ज्याला या पेपरांची सर्वांत जास्त गरज होती तोच ते सर्वांत कमी देत होता, आणि ज्याला काही गरज नव्हती तो तीन-तीनदा देऊन त्यातला सर्वांत चांगला आकडा पाठवत होता. २००९ पासून तर कुठले गुण पाठवायचे तेही निवडता येऊ लागलं.

याच कारणाने कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००९ मध्ये ठरवून २०१२च्या प्रवेशांपासून विषय-परीक्षांची अट काढली. हजारो मुलं बाकी सगळ्या अर्थांनी पात्र होती, फक्त हे पेपर दिले नव्हते म्हणून बाहेर राहत होती. त्या मुलांचा विचार केला तर हा निर्णय चुकीचा म्हणवत नाही. पण मुलं पेपरापर्यंत पोचत नाहीत याला दुसरा उपाय होता: पेपर मुलांपर्यंत न्यायचा. शाळेच्या वेळेत, शाळेच्या वर्गात, फी न घेता, सगळ्यांसाठी. ते करायला पैसा आणि चिकाटी लागली असती. अट काढायला एक ठराव पुरला.

बाकीची कॉलेजं एकेक करून मागे हटली. मार्च २०२० मध्ये एमआयटीनेही विषय-परीक्षा बघणार नाही असं सांगितलं, त्याच सुमारास कॅलटेकनेही. वर्षभरात परीक्षाच संपली.

पण वजन नाहीसं झालं नाही. कॉलेजला विषयाची तयारी बघायचीच असते. एमआयटीत प्रत्येकाला, अगदी इतिहास शिकायला आलेल्यालाही, कॅल्क्युलसची दोन सत्रं आणि भौतिकशास्त्राची दोन सत्रं पूर्ण करावी लागतात. ज्याचं गणित कच्चं आहे त्याला तिथे घेणं हा त्याच्यावरच अन्याय. म्हणून त्यांनी मार्च २०२२ मध्ये सॅट किंवा तिच्यासारखीच एसीटी परीक्षा देण्याची अट परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही आणली. येलने त्यात एक दार ठेवलं: सॅट-एसीटीऐवजी एपी किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या विषयांचे गुण चालतील. डार्टमथच्या अभ्यासात दिसलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. परीक्षा ऐच्छिक होती त्या काळात हलाखीतून आलेल्या काही मुलांनी सॅटचे १६०० पैकी १४००च्या घरातले गुण 'कमी' समजून पाठवलेच नाहीत. त्यांच्या शाळेच्या पार्श्वभूमीवर तेच गुण त्यांना आत घेऊन गेले असते. त्यांना हे सांगायला घरात कुणी नव्हतं.

विषयाच्या तयारीचं वजन आता एपीवर येऊन पडलंय. एपीचे गुण १ ते ५. इथेही आकड्याचा अर्थ विषयागणिक बदलतो: २०१९ मध्ये कॅल्क्युलस बीसीत (कॅल्क्युलसच्या वरच्या पातळीच्या पेपरात) ४० टक्क्यांहून जास्त मुलांना ५ मिळाले, फिजिक्स १ मध्ये जेमतेम ७ टक्क्यांना. परीक्षा म्हणून एपी चांगली आहे, उत्तरं लिहून मागते, नुसते पर्याय निवडायला लावत नाही. पण ती वर्षातून एकदा मे महिन्यात होते आणि निकाल जुलैत लागतो. बारावीत घेतलेल्या विषयांचा निकाल येईपर्यंत प्रवेश होऊन गेलेले असतात. शिवाय शाळेत तो अभ्यासक्रमच नसेल तर मुलाने बाहेरून बसायचं, त्यासाठी दुसऱ्या शाळेला विनवण्या करायच्या, त्याही नोव्हेंबरच्या मुदतीआधी. जुना पेपर वर्षातून अनेकदा होई, आणि तो द्यायला कुठल्याही शाळेत कुठला अभ्यासक्रम असण्याची गरज नव्हती. शनिवारी सकाळी पेन्सिल आणि ओळखपत्र घेऊन जायचं, बस्स.

यंदा माझ्याकडे एक मुलगा येतो. त्याच्या शाळेत एपी फिजिक्स नाही, कॅल्क्युलस बीसीही नाही. त्याने दोन्ही विषय स्वतःचे स्वतः केलेत, आणि मी त्याला फळ्यासमोर उभं करून हवे तसे प्रश्न विचारलेत, त्याला येतं. पण माझ्या शब्दाला प्रवेश कचेरीत किंमत नाही. काही वर्षं आधी जन्मला असता तर मी त्याला ऑक्टोबरच्या एका शनिवारी दोन पेपर द्यायला पाठवलं असतं. आता त्याला आमच्या कॉलेजात संध्याकाळच्या कॅल्क्युलसच्या वर्गात नाव घालायला लावलंय, आणि त्याच्या समुपदेशकांना पत्र लिहायला सांगितलंय की शाळेच्या माहितीपत्रकात 'आमच्याकडे हे विषय शिकवले जात नाहीत' ही ओळ ठळकपणे घाला. वर्गाची श्रेणी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागेल. अर्जाची मुदत जानेवारीच्या पहिल्या तारखेची आहे.